मँचेस्टर, ग्लासगो, लंडन: जुन्या ब्रिटिश अल्टरनेटिव्ह बँड्सचे गिग आणि ते हॉल

मुळाकाठचा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात कामासाठी सहा महिने मँचेस्टरला जातोय. ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांनी फुटबॉलचं विचारलं. माझ्या डोक्यात मात्र अकरावीपासून एकच मँचेस्टर आहे: जॉय डिव्हिजन, न्यू ऑर्डर, स्मिथ्स, स्टोन रोझेस. नंतर त्यात क्रॉलीचे क्युअर, शेफील्डचे पल्प, ऑक्सफर्डचे रेडिओहेड येऊन बसले. आमच्या खोलीवर कुणाच्या तरी मामाने पाठवलेली एमपीथ्रीची सीडी होती. गाण्यांची नावंसुद्धा नव्हती तिच्यावर, नुसतं ट्रॅक ०१, ट्रॅक ०२. त्यातली काही गाणी मी आजही आकड्यानेच ओळखतो.

हे सगळं आजवर फक्त कानाने ऐकलंय. ज्या खोल्यांमध्ये ही गाणी पहिल्यांदा वाजली त्या बघायच्या आहेत, आणि जमतील तितके गिग, म्हणजे बँडचे प्रत्यक्ष कार्यक्रम, गाठायचे आहेत. तिथे राहणाऱ्यांनी सांगा: काय शिल्लक आहे? कुठल्या हॉलमध्ये ऐकावं? आणि एक मनातलं विचारतो. साठीच्या पुढे गेलेले हे लोक आता ऐकताना वाईट तर वाटत नाही ना?

व्हिटवर्थ

मी १९९९पासून इथे आहे. हासिएंडा हे क्लब त्याच्या दोन वर्षं आधी बंद झालं होतं, त्यामुळे ते मलाही मिळालं नाही. पण तुम्हाला पहिल्याच शनिवारी करता येईल अशी एक पायी फेरी सांगतो. पाऊण तास पुरतो.

ऑक्सफर्ड रोड स्टेशनातून बाहेर पडून उतार उतरलात की व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्ट लागतो. तिथेच रिट्झ आहे. १९२०च्या दशकातला डान्स हॉल. नाचणाऱ्यांसाठी लाकडी जमीन स्प्रिंगवर बसवलेली आहे, गर्दी उडायला लागली की ती पायाखाली खरंच हलते. ४ ऑक्टोबर १९८२ला स्मिथ्सचा पहिला गिग इथे झाला, तोसुद्धा दुसऱ्या बँडच्या आधीचा म्हणून. आजही इथे गिग होतात. एखादं तिकीट मिळालं तर बँड कुठला हे न बघता जा.

त्याच रस्त्याने पश्चिमेला थोडं चाललात की हासिएंडाची जागा. आता तिथे राहती घरं आहेत, इमारतीला नाव तेच ठेवलंय. मूळ जागा नावांच्या, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या शोरूमची. २१ मे १९८२ला क्लब उघडला. पैसा फॅक्टरी रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा आणि तिच्याच न्यू ऑर्डरचा, म्हणजे रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांचाच. आतली रचना बेन केलीची: खांबांवर कारखान्यात असतात तसे पिवळे-काळे पट्टे. फॅक्टरीवाले पोस्टरपासून सगळ्याला क्रमांक द्यायचे, क्लबचा ५१. दिसायला जितकं देखणं तितकंच गिग ऐकायला अवघड, आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. सुरुवातीची काही वर्षं तिथे बऱ्याच रात्री शुकशुकाट असे. पण २४ नोव्हेंबर १९८३ला स्मिथ्स लंडनला टीव्हीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये दिसले आणि त्याच रात्री परत येऊन हासिएंडात वाजवायला उभे राहिले. आपल्या गावातला पोरगा संध्याकाळी टीव्हीवर आणि रात्री आपल्यासमोर. त्या दिवशी दाराशी काय रेटारेटी झाली असेल!

तिथून पीटर स्ट्रीटला या. फ्री ट्रेड हॉल. आता हॉटेल आहे, दर्शनी भिंत जुनीच राखली आहे. ही पीटरलूची जमीन. १८१९मध्ये मताचा हक्क मागायला जमलेल्या लोकांवर घोडेस्वार घातले होते ती. याच इमारतीतल्या वरच्या छोट्या हॉलमध्ये ४ जून १९७६ला सेक्स पिस्टल्स हा लंडनचा पंक बँड आला. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन पोरांनी स्वतः हॉल ठरवून त्यांना बोलावलं होतं, बझकॉक्स हा बँड या दोघांचाच. तिकीट ५० पेन्स, श्रोते चाळीसेक. त्यात पुढे जॉय डिव्हिजन काढणारे बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते, पुढे स्मिथ्सचा गायक झालेला मॉरिसी होता, फॉल या बँडचा मार्क ई. स्मिथ होता. हुकने लगेच दुसऱ्या दिवशी बेस गिटार विकत घेतली.

चाळीस माणसांची खोली होती हो. तुमच्या सीडीवरचे अर्धे बँड त्या एका खोलीतून निघाले.

सानिका_लीड्स

वाचतेय. व्हिटवर्थकाका, हे रिट्झचं माहीत नव्हतं. मी गेल्या वर्षी तिथे गेले होते आणि जमीन हलतेय म्हणून घाबरून भिंतीला टेकून उभी राहिले होते!

मुळाकाठचा, लीड्सला या. ब्रुडनेल सोशल क्लब बघा. १९१३चा कामगारांचा क्लब आहे, स्टेज अगदी कमरेएवढं. विद्यार्थी, म्हातारे, बिलियर्ड्स खेळणारे सगळे एकत्र असतात.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल: २०२५च्या जुलैत मी मँचेस्टरच्या हीटन पार्कला ओअॅसिस बघितलं. माझा जन्म २००१चा. ते २००९ला पॅरिसमध्ये फुटले तेव्हा मी दुसरीत होते. माझ्याबरोबर माझी घरमालकीण होती, ती १९९६ला त्यांच्या नेबवर्थच्या गिगला होती. एका गाण्याला त्यांचा गायक लिअमने सगळ्यांना स्टेजकडे पाठ करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारायला लावल्या. ऐंशी हजार माणसं पाठमोरी उडत होती आणि आम्ही दोघी त्यात. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

वॉल्थमस्टो

मी लंडनमध्ये लाइव्ह साउंडचं काम करतो, मिक्सिंग डेस्कच्या मागे. बरीच वर्षं झाली. सानिका, तुमचा आनंद खरा आहे, त्याला माझा आक्षेप नाही. पण ऐकायचं असेल तर मैदान टाळा, हे मी प्रत्येक ओळखीच्याला सांगतो.

कारण साधं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर उभ्या माणसाला ड्रम पाव सेकंदाहून उशिरा पोचतो. म्हणून मैदानात मधोमध मनोरे उभारून त्यांवर आणखी स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढा मागे ठेवतात, म्हणजे पुढचा आणि मधला एकत्र पोचावा. हे गणित शांत हवेत जमतं. वारा सुटला की आवाज वाकतो, कधी डोक्यावरून निघून जातो. स्टोन रोझेसचा स्पाइक आयलंड, २७ मे १९९०, हे त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. विडनेसला मर्सी नदीच्या मुखाशी, रासायनिक कारखान्यांच्या शेजारचं बेट. सत्तावीस हजारांच्या आसपास माणसं आली. तिथे गेलेले लोक आजही सांगतात की आवाज वाऱ्याबरोबर येत-जात होता. एका पिढीचा सर्वांत मोठा दिवस, आणि धड ऐकू आलं नाही.

लंडनमध्ये माझं उत्तर एकच: ब्रिक्स्टन अकॅडमी. १९२९चं सिनेमा थिएटर. स्टेजभोवती इटलीतल्या बागेचा देखावा आहे, कमानी, छपरं, झाडं. पण खरी गोष्ट म्हणजे जमीन. ती स्टेजकडे उतरत जाते. ४,९२१ माणसं मावतात आणि शेवटच्या माणसालाही गायकाचे हात दिसतात. पुढच्याचं डोकं आड येत नाही, म्हणजे आवाजही आडत नाही. वरच्या पट्टीचा आवाज माणसांच्या अंगात मुरतो, उतारावर तो थेट कानाशी येतो. स्मिथ्सचा शेवटचा गिग इथलाच, १२ डिसेंबर १९८६. २०२२च्या डिसेंबरमध्ये तिथे दाराशी चेंगराचेंगरी होऊन दोघांचा जीव गेला. त्यानंतर हॉल बंद होता, २०२४च्या एप्रिलमध्ये पुन्हा उघडला. आता आत सोडण्याची शिस्त कडक आहे. रांगेत वेळ जातो, जाऊ द्या. तो नियम माणसांसाठी आहे.

दादर_पूर्व

फार दिवसांनी इथे लिहितोय. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझं वय ५७. आमच्यावेळी हे बँड म्हणजे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या दुकानातली एखादी कॅसेट आणि ती पाच जणांत फिरणं. क्युअरची एक कॅसेट माझ्याकडे १९९०मध्ये आली. पावसाळ्यात तिला बुरशी धरली, मी टेप बाहेर काढून कापसाने पुसून परत गुंडाळली होती. गिग म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. डोक्यावर उघडं आकाश, दगडी पायऱ्या, आय-रॉक या रॉक महोत्सवाला तिथे आमचे भारतीय बँड वाजायचे. जवळ रुग्णालय, शांतता क्षेत्र, त्यामुळे ते बंद झालं. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही, आजारी माणसाला झोप हवीच. पण शहराने त्याच्या बदल्यात दुसरी तशी जागा दिली नाही. ज्यांच्यातून पुढचे बँड झाले असते ती पोरं कुठे जाणार होती?

२०१८मध्ये मुलगी लंडनला शिकत होती. ७ जुलैला हाइड पार्कात क्युअरला चाळीस वर्षं झाल्याचा गिग होता. तिने तिकीट काढून ठेवलं होतं. त्या दिवशी ऊन असं की आपला मे महिना आठवावा. दुपारी विश्वचषकात इंग्लंडने स्वीडनला हरवलं होतं, अर्धी बाग त्या आनंदात. स्लोडाइव्ह, राइड, एडिटर्स, इंटरपोल, गोल्डफ्रॅप असे एकेक बँड होऊन गेले. मग क्युअर आले, सूर्य अजून समोर. रॉबर्ट स्मिथ काळ्या कपड्यांत, केस तसेच पिंजारलेले. पहिल्या गाण्याची ती घंटांची किणकिण सुरू झाली आणि मी उभ्या जागी रडायला लागलो. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. बुरशी पुसलेल्या कॅसेटवर जो आवाज कायम थोडा डळमळायचा तो समोर स्थिर उभा होता.

वॉल्थमस्टो, तुमचं गणित बरोबरच असणार. आवाज मलाही कमी वाटला, कडेच्या बायका गप्पा मारत होत्या त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. पण अंधार पडल्यावर ते लक्षात राहिलं नाही. मुळाकाठचा, त्याचा गळा त्या दिवशी ५९ वर्षांचा होता आणि तो माझ्या कॅसेटवरच्यापेक्षा चांगला होता. जा.

वॉल्थमस्टो

दादर_पूर्व, तुमच्या पोस्टला उत्तर देण्यासारखं काही नाही, फक्त नमस्कार.

हाइड पार्कच्या आवाजाबद्दल एक खुलासा: तो तिथे कमी असतो तो यंत्रांमुळे नाही. आसपास राहणाऱ्यांसाठी मर्यादा घातलेली आहे, आणि साडेदहाला बंद म्हणजे बंद. २०१२मध्ये स्प्रिंगस्टीन आणि मॅकार्टनी एकत्र गात असताना वेळ संपली म्हणून माइक बंद केले गेले होते. म्हणजे तुमच्या रंगभवनचा प्रश्न इथेही आहेच.

व्हिटवर्थ

आहेच, आणि लहान जागांना तो जास्त जाचतो. मँचेस्टरच्या नॉर्दर्न क्वार्टरमध्ये ओल्डहॅम स्ट्रीटवर नाइट अँड डे कॅफे आहे, १९९१चा. २०२१मध्ये शेजारच्या घरातून आवाजाची तक्रार आली, पालिकेने नोटीस दिली, प्रकरण २०२४पर्यंत कोर्टात चाललं. शेवटी जागा वाचली. पण एका छोट्या कॅफेने तीन वर्षं वकील पोसायचे म्हणजे काय ते समजून घ्या.

म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट म्हणून संस्था आहे, २०१४पासून. तिच्या हिशेबाने एकट्या २०२३ सालात १२५ लहान जागांमधलं गाणं बंद झालं. त्यांची मागणी अशी की मोठ्या अरीना आणि स्टेडियमच्या दर तिकिटामागे एक पौंड लहान जागांसाठी काढून ठेवावा. माझं मत विचाराल तर एक पौंड फार थोडा आहे. हीटन पार्कच्या ऐंशी हजारांना मूळ गाणी दिली कुणी? ३१ मे १९९३ला ग्लासगोच्या किंग टट्समध्ये ओअॅसिस वाजले, तिथे अॅलन मॅगी हा रेकॉर्ड कंपनीवाला बसला होता, त्याने तिथल्या तिथे रेकॉर्ड काढायचं ठरवलं. त्या खोलीत तीनशे माणसं मावतात. ती खोली नसती तर सानिका आणि तिची घरमालकीण पाठमोऱ्या उडाल्या नसत्या.

सानिका_लीड्स

अनुमोदन. एक पौंड काय, मी पाच द्यायला तयार आहे.

पण मैदानाबद्दल अजून एक सांगते. हीटन पार्कमध्येच, गिगच्या आवाराबाहेर एक टेकाड आहे, तिथे तिकीट न मिळालेले शेकडो लोक बसून ऐकत होते. त्याला लोकांनी गॅलाघर हिल असं नावच देऊन टाकलं. आजी-आजोबा, बाबागाडीतली मुलं, डबे घेऊन आलेले. पुढे तिथे कुंपण घातलं. त्या टेकडीवर आवाज कसला पोचणार, पण ते लोक सगळी गाणी म्हणत होते. हॉलचं कौतुक मला पटतंय, पण त्यांचं ऐकणं कमी दर्जाचं होतं असं कुणी म्हणू नये.

वॉल्थमस्टो

नाही म्हणणार.

मिरजकरीण

रात्रपाळी संपवून बसमध्ये वाचलं, आता लिहितेय.

मी ग्लासगोला नर्स आहे, २००७पासून. माहेर मिरजेचं, सतारमेकरांच्या गल्लीजवळ. लहानपणी शाळेतून येताना दुकानांत आढ्याला टांगलेले भोपळे दिसायचे, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. कारागीर बोटाने टिचकी मारून कान लावायचे. आणि जवारी काढणं बघायला मी तासन् तास उभी राहायची. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एक-दोन वेळा फिरवायची, तार छेडायची, परत फिरवायची. मग एका क्षणी तंबोरा नुसता वाजायचा थांबून बोलायला लागतो, एका तारेतून दहा सूर निघतात. ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल.

इथे आल्यावर पहिलं वर्ष फार एकटं गेलं. वॉर्डातली एक सहकारी, स्कॉटिश, २००८च्या जुलैत म्हणाली, माझ्याकडे माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचं जादा तिकीट आहे, चल. मला नावही माहीत नव्हतं. बॅरोलँडला गेलो. गॅलोगेटवर, शहराच्या पूर्वेला, शनिवार-रविवारी जिथे जुना बाजार भरतो तिथे. बाहेर निऑनची भली मोठी पाटी, तारे उडताहेत अशी. १९३४चा डान्स हॉल, १९५८ला जळला, १९६०ला परत बांधला. जिना चढून वर गेलं की लाकडी जमीन आणि डोक्यावर कमानीसारखं छत. दारातच कानात घालायचे बोळे दिले. मला वाटलं, असं कसलं हे गाणं?

शेवटच्या गाण्याच्या मध्येच ते सगळे एकाच सुरावर थांबले. थांबले म्हणजे वाजवतच राहिले, पण तेच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, त्याच्याही पुढे. पहिल्यांदा भीती वाटली. पोटात, दातांत आवाज. काही लोक निघून गेले. मग मला त्या आवाजाच्या आत दुसरे आवाज ऐकू यायला लागले. कुणी वाजवत नसलेले. एक बारीक सूर वर चढत गेला, त्याखाली बायका गातात तसं काहीतरी. मी सहकारीला विचारलं, तुला ऐकू येतंय का, ती हो म्हणाली, पण तिला वेगळंच ऐकू येत होतं. ती जवारी होती. कुणी काही म्हणो, मी मिरजेची आहे, मला ती कळते. वर्षभरात पहिल्यांदा मला घरी असल्यासारखं वाटलं.

त्यानंतर बॅरोलँडला किती वेळा गेले मोजलं नाही. मुळाकाठचा, मँचेस्टरहून गाडीने तीन-सव्वातीन तास. बोळे मात्र घेऊनच या, कानाला एकदा इजा झाली की ती भरून येत नाही. हे नर्स म्हणून सांगते.

दादर_पूर्व

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. जवारीचं तुम्ही म्हणता ते मला माझ्या कानाने आजवर कळलं नव्हतं. आज संध्याकाळी तो बँड त्या दृष्टीने ऐकणार.

वॉल्थमस्टो

मिरजकरीण, तुम्ही जे ऐकलंत ते भास नव्हते. खूप मोठ्या आवाजात अनेक सूर एकत्र आले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर कानातच तयार होतात. शिवाय हॉलमध्ये दोन पावलं सरकलं तरी लाटांची बेरीज बदलते, म्हणून तुम्हाला आणि सहकारीला वेगळं ऐकू आलं. बॅरोलँडचं ते छत आणि लाकूड नसतं तर नुसता गोंगाट झाला असता. ज्या हॉलमध्ये मला काम करायला सर्वांत आवडतं त्यात तो पहिला.

बोळ्यांबद्दल दुजोरा. फोमचे नको, ते वरचा आवाज खाऊन टाकतात. संगीतासाठीचे वेगळे मिळतात, पंधरा-वीस पौंडांत.

कळंगुटकर

थोडं अवांतर. ब्रिटिश अल्टरनेटिव्हमध्ये आपलं माणूस कुठे, असं कुणी विचारलं तर कॉर्नरशॉप. १९९१मध्ये लेस्टरला जमलेला बँड, गायक टजिंदर सिंग. १९९७ला त्यांनी आशा भोसल्यांवर गाणं केलं, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’, आणि डीजे नॉर्मन कुकने ते नव्याने मिक्स केल्यावर १९९८च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. सांगलीत जन्मलेल्या बाईचं नाव तिथल्या पबमध्ये सगळे ओरडून म्हणत होते.

मिरजकरीण

अवांतर कसलं! हे गाणं वॉर्डात रेडिओवर लागलं की मी सगळ्यांना सांगते, ह्या आमच्याकडच्या.

मुळाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तिकिटांचं कसं करायचं तेही सांगाल का? एका मोठ्या गिगसाठी इथूनच प्रयत्न केला. साडेतीन तास ऑनलाइन रांगेत होतो, नंबर आला तेव्हा दाखवलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त मागत होते. सोडून दिलं.

व्हिटवर्थ

मागणीप्रमाणे किंमत चढवण्याची ती पद्धत. ३१ ऑगस्ट २०२४ला ओअॅसिसची विक्री झाली तेव्हा साधारण १५० पौंडांचं उभं राहायचं तिकीट कित्येकांना ३५०च्या वर पडलं, त्यावरून संसदेपर्यंत चर्चा गेली. सगळेच असं करू देत नाहीत. क्युअरच्या रॉबर्ट स्मिथने २०२३च्या अमेरिका दौऱ्यात तिकिटं स्वस्त ठेवली होती. तिकीट कंपनीने वरून लावलेलं शुल्क तिकिटाच्याच बरोबरीला गेल्याचं चाहत्यांनी दाखवल्यावर तो कंपनीशी जाहीरपणे भांडला आणि चाहत्यांना काही डॉलर परत मिळवून दिले. कलाकाराने मनावर घेतलं तर होतं.

तुमच्यासाठी: बँडच्या मेलिंग लिस्टवर नाव घाला, आधीची विक्री तिथून कळते. संपलं असेल तर ट्विकेट्स या फेरविक्रीच्या साइटवर बघत राहा, तिथे चाहते मूळ किमतीलाच विकतात. गिगच्या दिवशी दुपारी सर्वांत जास्त येतात, कुणी आजारी पडतं, कुणाची ट्रेन चुकते. माझे निम्मे गिग असेच झालेत. जास्त किमतीला फेरविक्री करण्यावर बंदी आणणार असं सरकारने २०२५च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलंय.

आणि बातम्यांकडे डोळा ठेवा. २३ मे २०१२ला स्टोन रोझेसने दुपारी सांगितलं की आज रात्री वॉरिंग्टनच्या पार हॉलमध्ये फुकट वाजवतोय, फक्त येताना आमची एखादी सीडी, रेकॉर्ड नाहीतर टीशर्ट घेऊन या. सोळा वर्षांनंतरचा पहिला गिग! मी ऑफिसात होतो, रेकॉर्ड घरी. घरी जाऊन वॉरिंग्टनला पोचेपर्यंत हॉल भरला होता. बाहेर फुटपाथवर उभं राहून जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं. महिन्याभराने हीटन पार्कला त्यांना रीतसर बघितलं, तीन रात्री, दर रात्री पंचाहत्तर हजार लोक. पण आठवतो तो फुटपाथ.

दादर_पूर्व

आणि लंडनचं अॅस्टोरिया? मुलीला मी तेच आधी विचारलं होतं.

वॉल्थमस्टो

गेलं. चेरिंग क्रॉस रोडवरचं. दोन हजारांचा हॉल, जानेवारी २००९ला बंद झाला आणि क्रॉसरेल या नव्या रेल्वेमार्गाच्या स्टेशनासाठी पाडला. त्या जागी सिनेमा-थिएटर व्हायच्या आधी लोणच्या-मुरंब्याच्या कंपनीचं गोदाम होतं. खोदकामात तेरा हजारांहून जास्त जुन्या बरण्या निघाल्या. इतके बँड ज्या जमिनीवर घामाघूम झाले तिच्याखाली हे सगळं भरलेलं होतं. मी शिकाऊ असताना तिथे केबल गुंडाळायला जायचो. त्या गल्लीतून आजही गाडी घेऊन जात नाही, वळसा घालतो.

मुळाकाठचा

अडीच महिन्यांनी लिहितोय. कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत.

व्हिटवर्थ यांची पायी फेरी पहिल्याच शनिवारी केली. हॉटेलच्या आत जाऊन विचारलं, त्यांना सवय असावी, हसून वर बोट दाखवलं. नंतरच्या शनिवारी सॅल्फर्ड लॅड्स क्लबला गेलो. १९०४चा मुलांचा क्लब आहे, मुष्टियुद्ध आणि फुटबॉल शिकवणारा. स्मिथ्सच्या १९८६च्या रेकॉर्डच्या आतल्या फोटोत चौघे ज्या दारासमोर उभे आहेत ते दार. आत एक खोली चाहत्यांच्या चिठ्ठ्यांनी भिंतभर भरली आहे, जपानपासून मेक्सिकोपर्यंतच्या. २०२४मध्ये पैशाअभावी तो बंद पडायची वेळ आली होती, अडीच लाख पौंड हवे होते, लोकांनी जमवले. मॉरिसीने पन्नास हजार दिले. मला वाटलं होतं मी फोटो काढून निघेन. पण शेजारच्या दालनात खरंच दहा-बारा वर्षांची मुलं हातमोजे घालून सराव करत होती आणि त्यांचे शिक्षक ओरडत होते. तासभर तेच बघत बसलो. मीही एक चिठ्ठी लावली, मराठीत.

मग ग्लासगो. मिरजकरीण ताईंनी स्टेशनवर येऊन जेवायला घातलं, भडंगाची पिशवी दिली. बॅरोलँडला त्या शनिवारी गिग नव्हता. बाहेरून पाटी बघितली, दिवसा ती विझलेली असते. ताई म्हणाल्या, किंग टट्सला चला, मला सुटी आहे. चार बँड, आठ पौंड, एकाचंही नाव ऐकलेलं नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर वर्षं आणि त्या वर्षी वाजलेल्या बँड्सची नावं रंगवलेली आहेत. मी एकेक वाचत चढत होतो, मागचे लोक थांबून राहिले, कुणी घाई केली नाही.

वर साठ-सत्तर माणसं असतील. तिसरा बँड तीन मुली आणि एक मुलगा, विशीतले. पहिल्याच गाण्यात गिटारची तार तुटली. तिने मागे न बघता हात पुढे केला, खाली उभ्या दुसऱ्या बँडच्या पोराने आपली गिटार काढून तिला दिली, आणि ड्रम तोवर चालूच होता. ताईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या शेवटच्या गाण्यात एकाच सुरावर बराच वेळ थांबले होते ते. ताई मला काहीतरी सांगत होत्या, कानात बोळे असल्यामुळे ऐकू आलं नाही, पण कळलं.

खाली टेबलावर त्या बँडमधल्या कुणाची तरी आई टीशर्ट विकत होती. मी दोन घेतले. पुढच्या महिन्यात ते मँचेस्टरला नाइट अँड डेला येताहेत. व्हिटवर्थ, सानिका, तुमच्यासाठी तिकिटं काढून ठेवू का? सात पौंड आहे, दार साडेसातला उघडतं.

सानिका_लीड्स

काढा! शेवटची ट्रेन बघून ठेवते.

व्हिटवर्थ

दोन काढा. मुलालाही आणतो, तो पंधराचा आहे, ड्रम शिकतोय.